लुगड्याखालची जखम

बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर ही आता मोठी शहरे झाली आहेत. आगगाडीच्या रुळांच्या दोन्ही अंगांना उंच इमारती दिसतात. पण बदलापूर सोडून बारवी धरणाच्या वाटेला लागले, की अजून भाताची खाचरे लागतात. आषाढात तिथे बायका लावणीला वाकलेल्या दिसतात. पाय चिखलात. लुगडे गुडघ्यापर्यंत वर खोचलेले. कमरेची गाठ घट्ट आवळलेली. गाठ सैल राहिली तर काम कसे होणार? म्हणून ती करकचून बांधायची, ही आयाबायांची जुनी रीत.

आज आम्ही या गाठीविषयी लिहिणार आहोत. गाठ लहान आहे, पण गोष्ट मोठी आहे.

एका आजीची गोष्ट

आमच्या शेजारी एक आजी राहते. तिचे नाव आम्ही येथे सांगत नाही. आपण तिला आजीच म्हणू. आजीने जन्मभर लुगडे नेसले. जन्मभर शेतात काम केले. वय सत्तरीच्या पुढे गेले, तरी सकाळी पाणी भरायला तीच पहिली.

काही वर्षांपूर्वी आजी आम्हांला म्हणाली, "गुरुजी, कंबरंला लय खाजतं. चट्टा पडलाय."

आम्ही काय केले? चट्टा पाहिला नाही. बाईमाणसाची कंबर कशी पाहायची? आम्ही म्हटले, "घामानं होतं ते. खोबरेल लावा." आजीने खोबरेल लावले. आम्ही गोष्ट विसरून गेलो.

वर्ष गेले. एक दिवस आजीची सून कपडे धूत होती. लुगड्यावर कमरेच्या जागी तिला डाग दिसला. रक्ताचा आणि लसेचा. तिने विचारले, "आई, हे काय?"

"काय नाय गो. गाठ लागली आसंल."

पण पुढच्या आठवड्यात पुन्हा डाग. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. तेव्हा सून हट्टाला पेटली. दार लावून तिने आजीची कंबर पाहिली. उजव्या बाजूला, जिथे रोज गाठ येई तिथेच, रुपयाएवढी जखम. कडा जाड आणि वर उचललेल्या. मधून लस येत होती. आजूबाजूची कातडी कुठे काळी, कुठे पांढरी.

"आई, इतके दिवस बोलला का नाही?"

आजी रडू लागली. म्हणाली, "लाज वाटली गो. आन पांढरं पडलं ते बगून भ्याले. लोक म्हनतील, कोड फुटलं. नातीचं लगीन अडंल."

वाचकहो, हे नीट वाचा. आजीने जखम लपवली ती दुखत नव्हती म्हणून नाही. नातीच्या लग्नासाठी लपवली. आणि आम्ही, गावाला शहाणपण शिकवणारे हेडमास्तर, आम्ही न पाहताच तेल सांगितले. चूक दोघांची झाली. ती चूक आणखी कुणी करू नये, म्हणून हा पाठ लिहिला आहे.

आजीचे पुढे काय झाले ते शेवटी सांगू. आधी हा रोग काय आहे ते समजून घेऊ.

आपली कातडी

कातडी म्हणजे शरीराचे पांघरूण. ती ऊन, पाऊस, धूळ आणि रोगजंतू बाहेर ठेवते. आतले पाणी आत ठेवते. घाम काढून अंग थंड करते.

आपले सारे शरीर बारीक बारीक कणांचे बनले आहे. ते साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना पेशी म्हणतात. भिंतीत जशा विटा, तशा शरीरात पेशी. पण विटा निर्जीव असतात. पेशी जिवंत असतात. त्या जन्मतात, वाढतात आणि मरतात.

कातडीच्या वरच्या थरात खाली नव्या पेशी जन्मतात. त्या हळूहळू वर सरकतात. वर येता येता चपट्या होतात, माशाच्या खवल्यांसारख्या. शेवटी मरून गळून पडतात. अंघोळीला अंग चोळले की मळ निघतो ना? त्यात या मेलेल्या पेशी असतात. जन्मापासून गळण्यापर्यंत सुमारे महिना लागतो. म्हणजे आपली कातडी सारखी नवी होत असते.

या थरात आणखी एका जातीच्या पेशी असतात. त्या रंग तयार करतात. त्यांना रंगपेशी म्हणू. या रंगामुळे आपण सावळे किंवा काळे दिसतो. लोक काळ्या रंगाला नावे ठेवतात. पण हा रंग म्हणजे देवाने दिलेली छत्री आहे. उन्हातले घातक किरण तो अडवतो.

कर्करोग म्हणजे काय?

भाताच्या खाचरात तण माजते, हे तुम्हांला सांगायला नको. भात आपल्या मापाने वाढतो. तण माप पाळत नाही. ते भाताचे खत खाते, भाताची जागा घेते आणि पसरत जाते.

कर्करोगाचेही तसेच आहे. शहाण्या पेशी गरजेपुरत्याच वाढतात. जखम झाली की नव्या पेशी तयार होतात, जखम भरते, आणि वाढ थांबते. पण कधी एखादी पेशी बिघडते. थांबायचे कधी, हे ती विसरते. एकीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ होत जातात. त्यांची गाठ होते किंवा न भरणारी जखम होते. पुढे त्या पेशी रक्तातून किंवा अवधाणाच्या गाठींतून दुसरीकडे जातात. तिथेही मूळ धरतात.

तण लहान असताना उपटले तर एका हाताने निघते. खाचरभर माजले तर काय होते? कर्करोगाचे सारे सार एवढ्यातच आहे.

आणखी दोन गोष्टी. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. रोग्याच्या ताटात जेवले, त्याच्या अंथरुणावर बसले, तरी लागत नाही. आणि हा कुणाचा शाप नाही, करणी नाही, मागल्या जन्मीचे पाप नाही.

कातडीच्या कर्करोगाचे तीन मुख्य प्रकार

पहिला प्रकार कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी असलेल्या पेशींचा. हा बहुधा तोंडावर होतो. नाकावर, डोळ्याच्या कडेला, गालावर, कानाजवळ. मोत्यासारखी चकाकणारी लहान गाठ येते. कधी ती काळसर असते. मध्ये खड्डा पडतो, खपली धरते, रक्त येते. हा फार सावकाश वाढतो. दूरवर पसरणे क्वचितच. पण दुर्लक्ष केले तर नाक-डोळा खाऊन टाकतो.

दुसरा प्रकार वरच्या, खवल्यांसारख्या पेशींचा. यात खरखरीत, जाड चट्टा येतो किंवा न भरणारी जखम होते. कडा उंच व कडक होतात. फुलकोबीसारखे मांसही वर येते. जुन्या व्रणावर, भाजलेल्या जागेवर, सारखी घासणाऱ्या जागेवर हा होतो. हा पसरू शकतो. कमरेवर झाला तर जांघेत गाठ येते. आजीला झाला तो हाच.

तिसरा प्रकार रंगपेशींचा. डॉक्टर त्याला मेलॅनोमा म्हणतात. हा आपल्याकडे कमी आढळतो, पण तिघांत जास्त घातकी हाच. काळा किंवा करडा डाग येतो आणि तो वाढत जातो. गोऱ्या लोकांत तो पाठीवर, पायांवर येतो. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत तो पुष्कळदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली येतो. अनवाणी चालणाऱ्याला वाटते, काटा मोडला असेल, ठेच लागली असेल. नखाखाली काळे दिसले तर वाटते, दगड पडून रक्त साकळले असेल. साकळलेले रक्त नखाबरोबर हळूहळू पुढे सरकते आणि जाते. हा डाग जात नाही. तो रुंद होत जातो.

धोतर, कांगडी आणि धुराडे

कातडीचा कर्करोग गोऱ्या लोकांत फार होतो. ऑस्ट्रेलियात ऊन कडक, आणि तिथे जाऊन राहिलेले पुष्कळ लोक गोरे. म्हणून त्या देशात याचे रोगी फार. आपल्या देशात रोगी कमी आहेत. आपल्या रंगाने आपल्याला वाचवले.

पण आपल्याकडे या रोगाने दुसरी वाट शोधली. ती वाट एका मराठी डॉक्टरांनी जगाला दाखवली.

मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर काम करीत. रोग्याच्या अंगाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून रोग ओळखणे, हे त्यांचे शास्त्र. त्यांनी एक गोष्ट हेरली. काही रोग्यांच्या कमरेवरच कर्करोग होत होता. कमरेवरच का? हे लोक रोज धोतर नेसत. धोतर कमरेला एकाच जागी घट्ट आवळत. वर्षानुवर्षे तिथली कातडी घासली जाई. आधी रंग बदले, मग कातडी जाड होई, मग जखम होई, आणि शेवटी कर्करोग.

१९४५ साली डॉ. खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी यावर निबंध प्रसिद्ध केला. राहणीच्या सवयींतून होणाऱ्या तीन कर्करोगांची माहिती त्यांनी दिली. एक धोतराचा. दुसरा पेटते टोक तोंडात धरून चुट्टा ओढणाऱ्यांचा. तिसरा तंबाखू-चुन्याची गोळी ओठात धरणाऱ्यांचा. सवय बदलली तर हे रोग टळतील, हाच त्याचा अर्थ.

असे रोग दुसरीकडेही आहेत. काश्मिरात थंडी फार. तिथले लोक मातीच्या भांड्यात निखारे घालून ते भांडे झग्याखाली पोटाशी धरतात. त्याला कांगडी म्हणतात. वर्षानुवर्षे चटका बसून काहींच्या पोटाच्या व मांड्यांच्या कातडीला कर्करोग होतो. १८६६ सालीच एका डॉक्टरने त्याविषयी लिहिले होते.

विलायतेतही असेच घडले. लंडनच्या घरांत धुराडी असत. ती साफ करायला लहान पोरे आत चढत. काजळी त्यांच्या अंगात मुरे. मोठेपणी त्यांना अंडाच्या पिशवीच्या कातडीवर कर्करोग होई. पर्सिव्हल पॉट नावाच्या डॉक्टरने १७७५ साली हे ओळखले. धंद्यामुळे कर्करोग होतो, हे तेव्हा प्रथम जगाला कळले.

धोतर, निखारे आणि काजळी. तीन ठिकाणी तीन कारणे, पण गोष्ट एक. एकाच जागेला रोज इजा होत राहिली की त्या जागेवर रोग उठू शकतो.

नाडी आणि गाठ

पुरुषांनी धोतर सोडले. आता ते पँट घालतात. पण बायकांचे काय? परकराची नाडी तशीच राहिली. लुगड्याची गाठ तशीच राहिली.

२०२४ साली वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या आणि बिहारमधील मधुबनीच्या डॉक्टरांनी मिळून अशा दोन बायकांची माहिती विलायतेतील एका वैद्यकीय मासिकात छापली. एक सत्तर वर्षांची, दुसरी साठी उलटलेली. एकीच्या कमरेवर दीड वर्षे जखम होती. दुसरीच्या कमरेवर दोन वर्षे. दुसरी बाई चाळीस वर्षे रोज लुगडे नेसत होती, आत परकर न घालता, कमरेला घट्ट बांधून. तपासणीत दोघींनाही दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे खवल्यांसारख्या पेशींचा कर्करोग निघाला. एकीचा तर जांघेतील गाठीपर्यंत पोचला होता.

आता हे कसे होते ते पाहा. नाडी बारीक असते. सारा ताण एका रेघेवर येतो. उकाड्यात तिथे घाम साचतो. धूळ बसते. वरून काम करताना नाडी घासते. कातडीला खाज सुटते. आपण खाजवतो. कातडी सोलते. पुन्हा भरते. दुसऱ्या दिवशी नाडी पुन्हा तिथेच बसते. असे दहा वर्षे, वीस वर्षे, चाळीस वर्षे चालते. दर वेळी नव्या पेशी घडवाव्या लागतात. हजार वेळा घडवताना एखादी बिघडते. तीच रोगाचे बी.

पण घाबरून जाऊ नका. लाखो बायका परकर घालतात, लुगडे नेसतात. त्यांतल्या फारच थोड्यांना कर्करोग होतो. नाडीचा वळ पुष्कळ जणींना असतो. प्रत्येक वळ म्हणजे रोग नव्हे. पण वळावर झालेली आणि न भरणारी जखम दाखवलीच पाहिजे.

लुगडे वाईट नाही. साडी वाईट नाही. घट्ट आवळणे वाईट आहे. पुरुषांनीही हसू नये. घट्ट करदोरा, पायजम्याची बारीक नाडी, तंग पट्टा, उल्हासनगरच्या बाजारात मिळणारी तंग जीन्स, या सर्वांना हाच नियम लागू.

आणखी कारणे

भाजल्याचा जुना व्रण. चुलीवर, दिव्यावर, उकळत्या पाण्याने भाजते. जखम भरते आणि व्रण राहतो. वीस-तीस वर्षांनी त्या व्रणावर जखम होते आणि भरत नाही. फ्रान्समध्ये मार्जोलिन नावाच्या डॉक्टरने १८२८ साली व्रणांवर उठणाऱ्या अशा जखमांचे वर्णन केले. म्हणून त्यांना आजही मार्जोलिनचा व्रण म्हणतात. पायावरची वर्षानुवर्षे चिघळणारी जखमही याच वाटेने जाऊ शकते.

डाग देणे आणि बिब्बा घालणे. पोट दुखले की डाग, चामखीळ आली की बिब्बा, अशी आपल्याकडे चाल होती. बिब्ब्याने कातडी जळते. डागाने व्रण पडतो. रोग बरा होत नाही, नवी जखम मात्र होते. ही चाल सोडा.

ऊन. जन्मभर उघड्या उन्हात काम करणाऱ्याला पहिल्या दोन प्रकारांचा धोका वाढतो. आपल्या रंगाने तो कमी होतो, पण संपत नाही. काही माणसे जन्मतःच पांढरी असतात. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, उन्हात डोळे मिटतात. त्यांच्या अंगात रंग तयार होत नाही, म्हणजे देवाची छत्रीच नाही. त्यांना उन्हाचा फार धोका. अशा मुलाला शाळेतून घालवू नका. त्याला टोपी द्या, लांब बाह्यांचा सदरा द्या.

सोमल. हे विष काही ठिकाणी जमिनीखालच्या पाण्यातच असते. पश्चिम बंगालमध्ये १९८० नंतरच्या दशकात हे ध्यानात आले. कूपनलिकेचे पाणी पिऊन लोकांच्या तळहातांवर आणि तळपायांवर गाठी आल्या. पुढे काहींना कातडीचा कर्करोग झाला.

डांबर, काजळी आणि कच्चे तेल. कारखान्यात किंवा रस्त्याच्या कामावर यांच्याशी रोज संबंध येतो. हातमोजे घाला. सुटी झाली की साबणाने हातपाय धुवा. तेलाने माखलेले कपडे अंगावर वागवू नका.

कोणत्या खुणा दिसल्या की उठावे?

१. तीन आठवड्यांत न भरलेली जखम, मग ती दुखो वा न दुखो.
२. भरते आणि पुन्हा फुटते अशी जखम.
३. कमरेच्या वळावरची जखम, किंवा तिथे जाड, खरखरीत झालेली कातडी.
४. भाजलेल्या जुन्या व्रणावर नवी जखम किंवा नवे मांस.
५. वाढणारा तीळ. कडा वेड्यावाकड्या, एका तिळात दोन-तीन रंग, खाज किंवा रक्त.
६. तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली नवा काळा डाग.
७. जखमेबरोबर जांघेत, काखेत किंवा मानेत गाठ.

यांतील तिसऱ्या ओळीवर बोट ठेवा. कातडीचा रंग बदलणे ही पहिली सूचना असते. वर्ध्याच्या डॉक्टरांनी लिहिलेल्या बायकांपैकी एकीला काही वर्षे आधी कमरेवर लहान पांढुरका डाग दिसला होता. साधा विकार समजून तिने तो सोडून दिला. आमच्या आजीने कोडाच्या भीतीने लपवला. कोड हा घातक रोग नाही. तो एकाचा दुसऱ्याला होत नाही. पण पांढरा डाग सुन्न असेल, चिमटा काढला तरी कळत नसेल, तर कुष्ठरोगाचीही शंका घ्यावी लागते. तोही औषधाने पुरा बरा होतो. म्हणजे डाग कसलाही असो, दाखवण्यातच हित आहे. लपवण्यात कशातच हित नाही.

खूण दुखत नाही, हा मोठा फसवा प्रकार आहे. काटा दुखतो म्हणून आपण काढतो. कर्करोग आरंभी दुखत नाही म्हणून आपण थांबतो. मुकाट्याने येणाऱ्या चोराला जास्त जपले पाहिजे.

तपासणी आणि उपचार

डॉक्टर आधी पाहतात. मग जागा बधिर करून जखमेच्या कडेचा लहान तुकडा काढतात. सुई टोचल्याएवढे दुखते. तुकडा प्रयोगशाळेत जातो. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. काही दिवसांत उत्तर येते. हे उत्तर आल्याशिवाय कर्करोग आहे की नाही, हे नक्की सांगता येत नाही. म्हणून नुसते पाहून मलम देणाऱ्याकडे महिनोन्‌महिने फेऱ्या घालू नका.

गावात एक समज आहे. हत्यार लागले की रोग भडकतो, म्हणून तुकडा काढू देऊ नये. हा समज चुकीचा आहे. मग तो पसरला कसा? लोक शेवटच्या घटकेला दवाखान्यात जातात. तोवर रोग पसरलेला असतो. तुकडा काढतात, आणि रोगी पुढे दगावतो. लोक म्हणतात, हत्याराने मेला. तो हत्याराने मेला नाही. उशिराने मेला.

उपचारात मुख्य म्हणजे शस्त्रक्रिया. रोगट भाग आणि त्याच्या भोवतीची थोडी चांगली कातडी काढून टाकतात. तण मुळासकट काढतो तसेच. जागा मोठी असेल तर मांडीची पातळ कातडी घेऊन तिथे लावतात. ती रुजते. जांघेतील गाठीत रोग गेला असेल तर त्या गाठीही काढतात. काहींना किरणांचा उपचार देतात. त्याने तिथली कातडी काही काळ लालसर होते. मेलॅनोमा पसरला असेल तर आता नवी औषधे आहेत. ती अंगातील रोगाशी लढणाऱ्या शक्तीला जागे करतात.

पहिले दोन प्रकार वेळेवर सापडले तर बहुतेक रोगी बरे होतात. मेलॅनोमाही आरंभी कापून काढला तर बरा होतो. उशीर झाला तर बोट, कधी पाय कापावा लागतो. कधी तेवढ्यानेही भागत नाही.

उपचार झाल्यावर डॉक्टर पुन्हा बोलावतात. तेव्हा जावे. "आता बरे वाटते, मग कशाला?" असे म्हणू नये.

कुठे जायचे?

आधी जवळच्या आरोग्य केंद्रात जा. बदलापूरला ग्रामीण रुग्णालय आहे. अंबरनाथला छाया रुग्णालय आहे. उल्हासनगरला सरकारी मध्यवर्ती रुग्णालय आहे. तिथून गरज पडली तर मोठ्या ठिकाणी चिठ्ठी देतात. टाटा रुग्णालयात जायचे तर लोकलने दादर गाठावे. तिथून परळ जवळच आहे.

पैशाची धास्ती सगळ्यांनाच असते. त्यासाठी सरकारची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिच्यात कर्करोगाच्या पुष्कळ शस्त्रक्रिया आणि उपचार बसतात. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र म्हणून एक माणूस नेमलेला असतो. त्याला भेटा. बरोबर शिधापत्रिका आणि आधार कार्ड न्या. जुने कागद, जुने रिपोर्ट टाकून देऊ नका. एका पिशवीत घालून बरोबर ठेवा.

बायकांनी बाई डॉक्टर मागावी. लाजण्याचे कारण नाही. सून, लेक किंवा आशाताई बरोबर असली तर धीर येतो.

रोग टाळायचा कसा?

नाडी बारीक नको. परकराला चार बोटे रुंद, मऊ पट्टी शिवून घ्या. बांधताना नाडीखाली दोन बोटे सहज जातील इतकी सैल ठेवा. गाठ रोज एकाच जागी नको. आज उजवीकडे, उद्या डावीकडे. कामावरून आल्यावर सैल कपडे घाला. रात्री गाठ सोडून झोपा. कमरेची कातडी धुऊन कोरडी ठेवा. वळ काळा-पांढरा झाला किंवा खाजू लागला, तर त्या जागेवर काही दिवस काहीच बांधू नका. तरी बरे वाटले नाही तर दाखवा.

उन्हात डोक्याला पदर, टोपी किंवा इरले घ्या. दुपारी ११ ते ३ शक्यतो सावलीत काम करा. पायांत वहाणा घाला. महिन्यातून एकदा घरच्यांनी एकमेकांची पाठ, कंबर आणि तळपाय पाहावेत. आपल्या पाठीवरचे आपल्याला दिसत नाही. त्यासाठीच तर घरची माणसे असतात.

आजीचे पुढे काय झाले?

सून आमच्याकडे आली. म्हणाली, "गुरुजी, तुम्ही चला. तुमचं ऐकतील." आम्ही गेलो. आजीला म्हटले, "आजी, तेल सांगितलं ती आमची चूक. आता आमच्याबरोबर चला." ती नको नको म्हणाली. मग नातच पुढे आली. म्हणाली, "आजी, तू नसलीस तर माझ्या लग्नात काय मजा?" तेव्हा आजी उठली.

सरकारी रुग्णालयात बाई डॉक्टरने पाहिले. तुकडा घेतला. उत्तर कर्करोगाचे आले. घरात रडारड झाली. पण जांघेतल्या गाठी साफ होत्या. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. मांडीची कातडी कमरेवर लावली. दीड महिन्याने आजी अंगणात चालू लागली.

नातीचे लग्न झाले. कोणी अडवले नाही. आजी मांडवात बसली होती.

आता ती घरात सैल मॅक्सी घालते. कुरकुरते, "म्हातारपनी ही थेरं करायला लावली मला." पण घालते. आणि नळावर एखादी बाई कंबर खाजवताना दिसली, तर आजी हांडा खाली ठेवते आणि तिला बाजूला घेऊन म्हणते, "बगू गो, दाव मला." आम्ही जे पाहिले नाही, ते आजी आता पाहते.

लक्षात ठेवा

कातडीचा कर्करोग लागट नाही.
नाडी रुंद आणि सैल ठेवा. गाठीची जागा बदला.
तीन आठवड्यांत न भरणारी जखम डॉक्टरांना दाखवा.
डाग देऊ नका. बिब्बा घालू नका.
तुकडा काढल्याने रोग पसरत नाही. उशिराने पसरतो.

प्रश्न

१. आजीने जखम का लपवली? तुमच्या घरी असे कोणी काही लपवते का?
२. धोतराचा कर्करोग कोणी आणि कोणत्या साली जगापुढे मांडला?
३. नखाखालचे साकळलेले रक्त आणि मेलॅनोमाचा डाग यांत फरक काय?
४. तुमच्या कमरेची नाडी आज किती घट्ट आहे? दोन बोटे घालून पाहा.